हजार रुपयांच्या आतली रेड वाइन: चाखायची कशी, गुण द्यायचे कसे

दुकानात हजार रुपयांच्या आत रेड वाइनच्या सात-आठ बाटल्या सहज मिळतात. दिंडोरीकडची शिराझ, अकलूज भागातली सांजोवेझे, नंदी हिल्सकडची कॅबर्ने, ही सगळी द्राक्षांच्या जातींची नावं. मागचं लेबल वाचलं तर सगळ्याच उत्तम: पिकलेली फळं, मसाले, मखमली चव. मग घ्यायची कुठली? खात्रीचा मार्ग एकच. चार-पाच बाटल्या एकदम आणायच्या, झाकून चाखायच्या आणि गुण द्यायचे. काम सोपं आहे, फक्त चुकायच्या जागा ठरलेल्या आहेत आणि त्यातल्या बहुतेक वाइन तोंडात जाण्याआधीच येतात.

आधी अपेक्षा ताळ्यावर आणू. फ्रेंच ओकच्या नेहमीच्या पिंपात २२५ लिटर वाइन मावते, म्हणजे ३०० बाटल्या. असं नवं पिंप साधारण आठशे ते हजार युरोंना पडतं. म्हणजे नुसत्या पिंपाचा खर्चच बाटलीमागे अडीचशे-तीनशे रुपये. सातशेच्या बाटलीतून कर, दुकानदाराचा नफा, काच, झाकण, वाहतूक वजा केल्यावर एवढे पैसे उरणार कुठून? म्हणून या किमतीत व्हॅनिलाचा घमघमाट आला तर तो बहुधा स्टीलच्या टाकीत सोडलेल्या ओकच्या चिपांचा किंवा फळ्यांचा असतो. त्यात लबाडी काही नाही, पण त्या वासाला जास्तीचे गुण द्यायचंही कारण नाही. स्वस्त वाइनमध्ये बघायचं ते हे: ती स्वच्छ आहे का, आंबट, तुरट, गोड आणि उष्ण (म्हणजे अल्कोहोलची ऊब) यांचा मेळ बसलाय का, आणि पेला संपल्यावर आणखी घ्यावीशी वाटते का. 'चेरी, चामडं, तंबाखू, सुकी पानं' अशी वासांची लांबलचक यादी करण्यात गंमत आहे, पण निवड करताना तिचा फारसा उपयोग होत नाही.

बाटल्या आणताना

एकाच जातीच्या द्राक्षाच्या बाटल्या घ्या. पाचही शिराझ किंवा पाचही कॅबर्ने. मिसळ केली तर शेवटी तुम्ही वाइनला नाही, आपल्या आवडत्या जातीला गुण देता. किमतीही जवळपासच्या ठेवा, दीडशे-दोनशे रुपयांच्या फरकात. गोव्यात आणि आपल्याकडे 'पोर्ट' म्हणून मिळणारी गोड लाल वाइन या रांगेत बसवूच नका. पोर्तुगालमधल्या दोरू खोऱ्यातल्या पोर्टमध्ये आंबवण चालू असतानाच द्राक्षाची स्पिरिट घालून ती थांबवतात, त्यामुळे साखर उरते आणि अल्कोहोल २० टक्क्यांच्या आसपास जातं. आपल्याकडची गोड बाटली काही ती नव्हे, पण गोड तर आहेच, आणि गोडानंतर घेतलेली कुठलीही कोरडी, म्हणजे जवळपास साखर नसलेली, वाइन आंबटढाण लागते. 'पोर्ट'च्या चार बाटल्या वेगळ्या चाखा, हवं तर.

लेबलावरचं साल बघा. नाशिक पट्ट्यात वेलींची दोनदा छाटणी होते: उन्हाळ्यात खरड छाटणी आणि पाऊस ओसरल्यावर सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी. द्राक्षं काढली जातात जानेवारी ते मार्चमध्ये. युरोपात तोडणी सप्टेंबर-ऑक्टोबरला होते, म्हणजे एकाच सालाची आपली वाइन त्यांच्यापेक्षा सहा-सात महिन्यांनी मोठी. या किमतीची रेड मुरवत ठेवण्यासाठी केलेलीच नसते. दोन-तीन वर्षांच्या आतली घ्या. पाच वर्षं जुनी बाटली दुकानदार कौतुकाने दाखवू लागला तर ती पाच उन्हाळे त्या फडताळात उभी आहे, एवढाच त्याचा अर्थ. बूच असलेली बाटली असेल तर बूच थोडं वर सरकलेलं नाही ना, गळ्याशी चिकट ओघळ नाही ना, हे बघा. उन्हाने वाइन फुगून बाहेर आल्याची ती खूण. फिरकीच्या झाकणाला नाक मुरडू नका. सहा महिने-वर्षभरात प्यायच्या वाइनला ते बुचापेक्षा बरं. 'रिझर्व्ह' या शब्दावरही भाळू नका. स्पेनमध्ये 'रेसेर्वा' रेडला किमान तीन वर्षं मुरवण्याचा आणि त्यातलं किमान एक वर्ष पिंपात ठेवण्याचा कायदा आहे. अमेरिकेत तोच शब्द उत्पादक आपल्या मर्जीने छापतो.

पेला, तापमान आणि घरातले वास

चव बिघडवणारी सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे तापमान. 'रेड वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी' हा सल्ला थंड देशांतल्या जुन्या घरांचा आहे. पुण्या-नागपुरात मे महिन्यात खोली ३३ अंशांवर असते. त्या तापमानाला अल्कोहोल वर उसळतं, नाकात झोंबतं, फळाचा वास दबतो आणि बरी वाइनही देशी दारूच्या वाटेने जाते. रेडसाठी १६ ते १८ अंश ठीक. फ्रिजमध्ये साधारण दीड तास, किंवा बर्फ आणि पाणी भरलेल्या बादलीत दहा-पंधरा मिनिटं. नुसता बर्फ नको, पाणी हवंच, नाहीतर बाटलीला गारवा नीट लागत नाही. फार गार झाली तर उलटं होतं: वास मुका होतो आणि तुरटपणा कडवट लागतो. सगळ्या बाटल्या एकाच वेळी आत, एकाच वेळी बाहेर. एक फ्रिजच्या दारात आणि एक मागच्या जाळीला टेकून ठेवली असेल तर तुम्ही फ्रिजला गुण देताय.

पेला काचेचा, पोटाशी रुंद आणि तोंडाशी आत वळलेला. परीक्षक वापरतात तो प्रमाणित पेला जेमतेम २१५ मिलीचा असतो आणि त्यात ५० मिलीच ओततात. उरलेली जागा वासासाठी. पेल्यांचा संच एकसारखा नसेल तर निदान प्रत्येकाला सगळ्या वाइन एकाच प्रकारच्या पेल्यातून मिळतील असं बघा. पेले आदल्या दिवशी साबणाशिवाय गरम पाण्याने धुवा. कपाटात उपडे ठेवलेल्या पेल्यांत लाकडाचा आणि कागदाचा वास अडकतो, आणि मग कोणीतरी वाइनमध्ये 'देवदार' सापडल्याचं सांगतं.

त्या संध्याकाळी घरात फोडणी नको, उदबत्ती नको, अत्तर नको, मोगऱ्याचा गजराही नको. तासभर आधीपासून दात घासणं, बडीशेप, पान, पुदिन्याच्या गोळ्या बंद. सोबत खायला साधा पाव किंवा तेल न लावलेली पोळी आणि भरपूर पाणी. चीज ठेवण्याची फॅशन आहे, पण चीजमधली चरबी आणि प्रथिनं तुरटपणा झाकतात. वाइनविक्रेत्यांना हे फार पूर्वीपासून ठाऊक आहे. शेव-चिवडा तर चाखणं संपल्यावर.

जीभ आधी तयार करा

वाइनच्या चवीचे चार खांब वेगवेगळे ओळखता आले पाहिजेत. घरच्या वस्तूंनी अर्ध्या तासात होतं. आंबटासाठी चिंचेचं पातळ पाणी: चिंचेत आणि द्राक्षात मुख्य आम्ल एकच असतं, टार्टारिक. तोंडाला पाणी सुटतं ते जिभेच्या कडांना, ते लक्षात ठेवा. तुरटपणासाठी दुप्पट पत्ती घालून दहा मिनिटं उकळलेला कोरा चहा, गार केलेला. हिरड्या आणि गालाची आतली बाजू आवळल्यासारखी होते, ती टॅनिनची, म्हणजे तुरटपणा आणणाऱ्या द्रव्याची, जागा. उष्णतेसाठी ३५ मिली व्होडकात ६५ मिली पाणी: हे १४ टक्के अल्कोहोल झालं, वाइनच्या वरच्या टोकाएवढं. घशात ऊब जाणवते. गोडासाठी २०० मिली पाण्यात एक ग्रॅम साखर, आणि दुसऱ्या पेल्यात तेवढ्याच पाण्यात दोन ग्रॅम. पहिल्यात लिटरमागे पाच ग्रॅम होते आणि बऱ्याच जणांना ती कळतच नाही. ही मेख आहे. चार ग्रॅमच्या आतली वाइन कोरडी मानतात, पण स्वस्त रेडमध्ये कधीकधी सहा-आठ ग्रॅम साखर मुद्दाम ठेवतात. ती गोड लागत नाही, 'मऊ' लागते, आणि कच्चा तुरटपणा तिच्याखाली लपतो. पहिला घोट छान आणि तिसऱ्या घोटाला कंटाळा, असं झालं की साखरेचा संशय घ्या.

झाकणं, आकडे आणि एक सापळा

बाटल्या वर्तमानपत्रात गळ्यापर्यंत गुंडाळा, रबर लावा, झाकणं आधीच काढून लपवा. झाकणाच्या रंगावरून ब्रँड ओळखणारे लोक असतात. त्याहून बरं म्हणजे न चाखणाऱ्या कोणीतरी आत ओतून फक्त पेले बाहेर आणावेत. पेल्यांना १, २, ३ किंवा अ, ब, क अशी नावं देऊ नका. 'पहिला' आणि 'अ' यांच्याकडे मन आपोआप झुकतं. ४७३, ८१६, २५९ असे अर्थहीन आकडे लिहा. प्रत्येकाचा क्रम वेगळा ठेवा, कारण पहिल्या पेल्याला जीभ ताजी असते आणि शेवटच्याला थकलेली.

हा सगळा खटाटोप कशासाठी, तर माणसाचं नाक फार लवकर फसतं. फ्रान्समधल्या बोर्दो इथे ५४ वाइन-विद्यार्थ्यांना पांढरी वाइन वास नसलेल्या रंगाने लाल करून दिली, तेव्हा त्यांनी तिचं वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केलं. हा अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. कॅलिफोर्नियात २००८ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका प्रयोगात एकच वाइन एकदा १० डॉलरची आणि एकदा ९० डॉलरची म्हणून पाजली. नव्वदची लोकांना जास्त आवडली.

सगळ्यात उपयोगी धडा मात्र रॉबर्ट हॉजसन यांचा. ते संख्याशास्त्र शिकवलेले निवृत्त प्राध्यापक आणि स्वतः वाइन करणारे. २००५ पासून काही वर्षं त्यांनी कॅलिफोर्निया स्टेट फेअरच्या स्पर्धेत परीक्षकांना न सांगता एकाच बाटलीतली वाइन तीनदा दिली. दर दहांतला जेमतेम एक परीक्षक तिन्ही वेळा त्याच पदकाच्या टप्प्यात राहिला. हे कसलेले लोक होते. तेव्हा घरीही हाच सापळा लावा: पाच बाटल्या, सहा पेले, आणि एक वाइन दोनदा, कोणती ते फक्त ओतणाऱ्याला माहीत. त्या दोन पेल्यांना तुम्ही २० पैकी १३ आणि १५ दिलेत, तर तुमच्या हाताला दोन गुणांची थरथर आहे. मग बाकीच्या वाइनमधल्या एका गुणाच्या फरकावरून भांडण्यात अर्थ नाही. बहुतेक घरगुती मैफली ही एक पायरी गाळतात आणि नंतर दशांशात सरासऱ्या काढतात.

मोजमाप: ७५० मिलीत ५० मिलीचे १५ पेले. सहा-सात जण असतील तर दोनदा दिलेली वाइनही एकाच बाटलीत भागते. सहा पेले म्हणजे ३०० मिली, १३ टक्क्यांच्या हिशेबाने सुमारे ३१ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. सगळं गिळलं तर चौथ्या पेल्यानंतरचे गुण दारूने दिलेले असतात. म्हणून प्रत्येकापुढे थुंकायला एक अपारदर्शक पेला ठेवा, आणि गाडी चालवणाऱ्याने थुंकूनही चालवू नये.

चाखताना

पेला पांढऱ्या कागदावर तिरपा धरा. कडेला जांभळी झाक असेल तर वाइन नवी, विटकरी असेल तर वयस्क किंवा दमलेली. गडद रंग म्हणजे चांगली वाइन नव्हे, आणि पेल्याच्या आत उतरणाऱ्या धारा फक्त अल्कोहोलचा अंदाज देतात. इथे वेळ घालवू नका.

पहिला वास पेला न हलवता घ्या. दोष इथेच पकडले जातात. ओल्या पुठ्ठ्याचा, दमट गोदामाचा वास आणि फळ गायब: बुचातला टीसीए नावाचा पदार्थ. लिटरमागे काही नॅनोग्रॅम पुरतो, आणि पेला कितीही हलवला तरी तो जात नाही. नेलपॉलिश किंवा व्हिनेगर: जिवाणूंनी वाइनचं अ‍ॅसिटिक आम्ल करायला घेतलंय. युरोपात रेडसाठी याची मर्यादा लिटरमागे १.२ ग्रॅम आहे, पण नाकाला त्याच्या बऱ्याच आधी कळतं. कापून ठेवलेल्या, काळ्या पडलेल्या सफरचंदाचा वास आणि रंगाला तपकिरी छटा: हवा लागली. जॅम, शिजलेलं फळ, आणि तोंडात मात्र पोकळ: उन्हात भाजली. आपल्याकडे एप्रिलनंतर घेतलेल्या बाटल्यांत हा दोष शोधाच. तो वाइनरीचा नसून ट्रकचा किंवा दुकानाचा असू शकतो, त्यामुळे निकाल देण्यापूर्वी दुसऱ्या दुकानातली बाटली उघडा.

दोन वासांच्या बाबतीत घाई नको. सडलेल्या अंड्याचा किंवा जळक्या काडीचा वास गंधकाच्या संयुगांचा असतो. फिरकीच्या झाकणाखाली तो जास्त आढळतो. दहा मिनिटं पेला हलवा, बहुधा उडून जातो. खात्री करायची तर थोड्या वाइनमध्ये स्वच्छ तांब्याच्या तारेचा तुकडा मिनिटभर बुडवा. अंड्याचा वास गेला तर निदान बरोबर. ती वाइन पिऊ नका, ओतून द्या. दुसरा वास तबेल्याचा, बँडेजच्या पट्टीचा. तो ब्रेट नावाच्या यीस्टचा. थोडा असला तर काहींना आवडतो, काहींना असह्य होतो. इथे भांडण होणारच.

आता पेला गरगर फिरवा आणि पुन्हा हुंगा. फळासाठी आपलेच शब्द वापरा: करवंद, जांभूळ, तुती, आलुबुखार, आमसूल, मनुका. ब्लॅककरंट आपल्यापैकी किती जणांनी खाल्लंय? कॅबर्नेमध्ये ढोबळी मिरची आली तर ती कल्पना नव्हे. ढोबळी मिरचीत आणि कच्च्या कॅबर्नेत एकच रेणू असतो, एक पायराझिन. उष्ण हवेत साखर भराभर चढते आणि तोडणी लवकर करावी लागते, तेव्हा तो मागे उरतो. शिराझमधली काळी मिरीही खरीच, मिरीतच असणाऱ्या रोटंडोन नावाच्या पदार्थाची. साधारण पाचांतल्या एका माणसाला तो अजिबात येत नाही. म्हणून 'मिरी कुठाय?' असं विचारणाऱ्याला हसू नका.

घोट दहा मिलीचा, सगळ्यांचा सारखा. पाच-सहा सेकंद तोंडभर फिरवा, ओठ किंचित उघडून हवा आत ओढा, थुंका आणि मनात सेकंद मोजा. पाचच्या आत चव गेली तर शेवट आखूड. या किमतीत सात-आठ ठीक, दहाच्या वर गेली तर बाटली लक्षात ठेवा. आंबटपणा बाकी चवीपासून सुटा, धारदार लागत असेल तर बहुधा वरून घातलेलं आम्ल नीट मुरलेलं नाही. उष्ण प्रदेशात टार्टारिक घालणं ही नेहमीची रीत आहे; चांगल्या हाताने घातलं तर कळत नाही.

टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना चिकटून ती बाहेर काढतं, म्हणून प्रत्येक पेल्यागणिक तोंड जास्त कोरडं पडतं आणि चौथी वाइन विनाकारण खरखरीत ठरते. दोन पेल्यांमध्ये पाव, पाणी आणि दोन मिनिटं शांतता. सहाही झाले की उलट क्रमाने पुन्हा एक घोट घ्या, आणि मगच गुण पक्के करा. तोवर एकमेकांशी बोलणं बंद. एकाने 'मला केळं लागतंय' म्हटलं की सगळ्यांना केळं लागतं.

गुण

शंभराच्या पट्टीचा मोह टाळा. रॉबर्ट पार्कर यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस रुजवलेल्या पट्टीत ५० गुण हजेरीचेच असतात आणि विकायला ठेवलेली बहुतेक वाइन ८० ते ९५ मध्ये कोंबली जाते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेत मेनार्ड अमेरिन आणि सहकाऱ्यांनी विसाची पट्टी बनवली. ती मुळात दोष पकडण्यासाठी होती, त्यामुळे स्वस्त वाइनला ती जास्त मानवते. तिच्यातच फेरफार करून: स्वच्छता ४, गंध ४, समतोल ६, शेवट ३, आणि आणखी घ्यावीशी वाटणं ३. रंगाला शून्य.

नमुन्यादाखल एक भरलेला कागद: 'पेला ४७३. गडद, कडेला जांभळा. आधी जळकी काडी, हलवल्यावर गेली. जांभूळ, मिरी, थोडा व्हॅनिला. आंबट बेताचं, तुरटपणा हिरड्यांवर, घशात गरम. ७ सेकंद. ३+३+४+२+२ = १४.' एवढं पुरे. बारा-चौदा ही रोजच्या जेवणाची वाइन, पंधरा-सोळाला खोका घ्यायला हरकत नाही, दहाच्या खाली रश्शात.

बेरजेनंतर सरासरी काढू नका, सगळे आकडे चढत्या क्रमाने लावून मधला घ्या. सात जणांत एकाने रागाने ४ दिले तर सरासरी कोसळते, मधला आकडा हलत नाही. पण १६, १६, १५, ९, ८ असे दोन तट पडले तर मधला आकडाही फसवा. तिथे गुणांऐवजी 'वाद' असं लिहा आणि कारण शोधा. बहुधा ब्रेट किंवा साखर निघते.

कागद गोळा झाल्यावरच वर्तमानपत्रं फाडा, किमती सांगा, आणि नाव, साल, दुकान, महिना गुणांशेजारी टिपून ठेवा. तेच लेबल पुढच्या वर्षी वेगळ्या पावसाचं आणि वेगळ्या टाकीचं असेल. उरलेल्या बाटल्या झाकण लावून फ्रिजमध्ये उभ्या ठेवा आणि दुसऱ्या दिवशी १७ अंशांवर आणून पुन्हा झाकूनच चाखा. काहींचा व्हॅनिला आणि गोडवा रात्रीत ओसरलेला असतो आणि खाली फक्त आंबट पाणी उरतं. काही मात्र आदल्या दिवसापेक्षा मोकळ्या होतात. दोन्ही दिवसांचे गुण शेजारी लिहा. खोका घ्यायचा झाला तर दुसऱ्या दिवशी न घसरलेल्या बाटलीचा घ्या.